आधी कागदावर, मग यंत्रावर

गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या कार्यालयात रोज सकाळी एक कागद तयार होतो. काल किती ऊस गाळला, किती क्विंटल साखर पडली, उतारा किती बसला, हंगामाची आजवरची बेरीज किती झाली, हे सगळे त्यात असते. तो कार्यकारी संचालकांच्या टेबलावर जातो, अध्यक्षांच्या मोबाइलवर जातो आणि त्यातले आकडे पुण्याच्या साखर आयुक्तालयापर्यंत पोहोचतात. वाचणाऱ्याला अर्धे मिनिट पुरते. तयार करणाऱ्याचा मात्र रोज बराच वेळ जातो, आणि हंगाम संपेपर्यंत त्यातून सुटका नसते.

असे नित्याचे अहवाल प्रत्येक कचेरीत आहेत. दूध संघाला रोजचे संकलन कळवायचे असते, बँकेच्या शाखेला थकबाकी, प्राथमिक आरोग्य केंद्राला महिन्याचे लसीकरण, शाळेला पोषण आहाराचा हिशेब आणि खासगी कंपनीतल्या विक्री विभागाला सोमवारचा तक्ता. आकडे बदलतात, पद्धत तीच राहते. म्हणूनच हे काम संगणकाकडे सोपवावे असे कोणालाही वाटते, आणि ते योग्यही आहे. पण बहुतेक ठिकाणी सुरुवात चुकीच्या टोकाने होते. आधी सॉफ्टवेअर येते आणि काम नेमके कसे होते हे नंतर शोधले जाते. या प्रकरणाचे सांगणे एवढेच आहे की नित्याचे काम आधी शब्दांत उतरवावे, दुसऱ्या माणसाकडून करवून पाहावे आणि मगच यंत्राच्या हाती द्यावे. हा क्रम पाळला तर वेळ वाचतो आणि आकड्यावरचा विश्वासही टिकतो.

एका आकड्यामागचे निर्णय

उताऱ्याचेच उदाहरण घेऊ. शंभर किलो उसातून जितके किलो साखर निघते तो उतारा. व्याख्या एका ओळीची आहे. पण अहवाल करायला बसलेल्या लिपिकापुढे प्रश्नांची रांग उभी असते.

पहिला प्रश्न, काल म्हणजे नेमके कधीपासून कधीपर्यंत? कारखाना चोवीस तास चालतो, त्यामुळे त्याचा दिवस घड्याळातल्या बाराला न संपता पाळीबरोबर संपतो. समजा एखाद्या कारखान्यात तो पहाटे चारला संपत असेल, तर रात्री दोनला आलेली ट्रॉली आदल्या दिवसात धरायची. दुसरा प्रश्न, कोणता ऊस धरायचा? वजनकाट्यावर मोजला गेलेला ऊस आणि प्रत्यक्ष गव्हाणीत पडलेला ऊस यांत फरक असतो, कारण काही गाड्या वजन होऊनही आवारात उभ्या असतात. तिसरा प्रश्न एककाचा. ऊस टनांत मोजतात आणि साखर क्विंटलमध्ये. ५,००० टन उसाची ५,५०० क्विंटल साखर झाली तर उतारा ११ टक्के येतो, पण त्याआधी टनाचे क्विंटल करावे लागतात. चौथा प्रश्न अलीकडचा आहे. बी हेवी मळीपासून किंवा थेट उसाच्या रसापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यात साखरेचा काही अंश तिकडे वळतो. मग लिहिलेला उतारा तो अंश धरून आहे की सोडून?

याशिवाय रोजचे अपवाद असतातच. एका शेतकऱ्याचे वजन चुकून दुसऱ्याच्या खात्यावर पडले आणि दोन दिवसांनी दुरुस्त झाले, तर ती दुरुस्ती मूळ तारखेला दाखवायची की आजच्या? काटा बंद पडून पावती हाताने फाडली असेल तर ती नोंद कोणी, केव्हा चढवायची?

अनुभवी लिपिकाला ही सगळी उत्तरे पाठ असतात. ती कुठे लिहिलेली मात्र नसतात. तो रजेवर गेला की दुसरा माणूस आपल्या समजुतीने आकडा काढतो आणि उतारा दशांशाने इकडेतिकडे सरकतो. हा दशांश क्षुल्लक नाही. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ठरवली होती आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये वाढ. पाच लाख टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात ०.१ टक्क्याचा अर्थ १ कोटी ६६ लाख रुपये होतो. एफआरपीसाठी धरला जाणारा उतारा हंगामाचा असतो हे खरे, पण हंगामाचा आकडा रोजच्या आकड्यांची बेरीज करूनच बनतो. शिवाय १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यावे लागतात. नोंदी वेळेत आणि बिनचूक नसतील तर बिल कशावर काढणार? नित्याच्या कामाला कंटाळवाणे म्हणून कमी लेखण्याची सवय आपल्याला आहे. पण कोणाच्या तरी घरातला पैसा याच कामावर अवलंबून असतो.

काम लिहून कसे काढावे

कार्यपद्धती लिहिण्याचा पहिला नियम असा की आठवणीवर लिहू नये, काम करता करता लिहावे. रोजचे काम करणाऱ्याचा हात इतका सरावलेला असतो की मधल्या अनेक पायऱ्या त्याला पायऱ्या वाटतच नाहीत. शेजारी वही ठेवावी, प्रत्येक फाइल उघडताना तिचे नाव आणि जागा टिपावी, प्रत्येक आकडा उतरवताना तो कुठून घेतला ते टिपावे. दोनतीन वेळा असे केले की कच्चा मसुदा तयार होतो.

त्यात काय असावे? हा अहवाल कोणाला लागतो आणि तो पाहून कोणता निर्णय घेतला जातो, हे सर्वांत वर. मग आकड्यांचे उगम: कोणते रजिस्टर, कोणती फाइल, कोणता माणूस, किती वाजेपर्यंत. त्यानंतर क्रमवार कृती. मग प्रत्येक संज्ञेची व्याख्या आणि अपवादांचे नियम. मग पडताळणी, आणि शेवटी अहवाल कोणाला, कसा, किती वाजता पाठवायचा ते. तळाशी एक छोटा तक्ता ठेवावा: कोणत्या तारखेला कोणता नियम बदलला, कोणाच्या सांगण्यावरून.

लिहिताना भाषा नेमकी हवी. ‘आकडे नीट तपासून घ्यावेत’ या वाक्याने नव्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘दिवसाच्या उसाची बेरीज काट्याच्या रजिस्टरमधल्या बेरजेशी जुळली पाहिजे. एक टनाहून जास्त फरक असेल तर अहवाल पाठवू नये. आधी काट्यावर फोन करून रद्द झालेल्या पावत्या विचाराव्यात.’ यात मर्यादा आहे, मर्यादा ओलांडली तर काय करायचे ते आहे आणि कोणाला विचारायचे तेही आहे.

मसुदा झाला की त्याची परीक्षा घ्यावी. ज्याने हे काम कधी केलेले नाही अशा सहकाऱ्याला तो कागद द्यावा आणि त्याच्या शेजारी गप्प बसावे. तो जिथे अडेल, जिथे मान वर करून ‘आता हे कुठून घ्यायचे?’ असे विचारेल, तिथे मसुद्यात काहीतरी राहून गेले आहे. उत्तर तोंडी न देता कागदावर लिहावे. एकही प्रश्न न विचारता अहवाल बरोबर निघाला की कार्यपद्धती पूर्ण झाली असे समजावे.

या खटाटोपात आणखी एक लाभ होतो. ‘कोणाला लागतो’ या पहिल्याच प्रश्नाला काही अहवालांच्या बाबतीत उत्तर मिळत नाही. कधीकाळी एखाद्या साहेबांनी मागितलेला तक्ता ते बदलून गेल्यानंतरही पाठवला जात असतो आणि कोणी उघडूनही पाहत नसते. असा अहवाल स्वयंचलित करण्यात कष्ट घालवू नयेत. वरिष्ठांची परवानगी घेऊन तो बंद करावा.

गाव नमुन्यांचा धडा

लिहून ठेवलेल्या पद्धतीचे बळ पाहायचे असेल तर महाराष्ट्रात महसूल दप्तरासारखे उदाहरण नाही. गावाचे सारे महसुली हिशेब १ ते २१ क्रमांकांच्या गाव नमुन्यांत बांधलेले आहेत. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो म्हणजे गाव नमुना ७, अधिकार अभिलेख, आणि गाव नमुना १२, पिकांची नोंदवही, यांचा एकत्र उतारा. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन ८-अ मध्ये दिसते. कोणत्या नमुन्यात कोणता रकाना, तो कशावरून भरायचा, कोणी तपासायचा, हे ठरलेले आहे. म्हणून तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, बदलून गेले तरी नवा माणूस त्याच दप्तरावर काम पुढे चालू करू शकतो.

यातला नमुना ६ बारकाईने पाहण्यासारखा आहे. ही फेरफार नोंदवही. जमीन विकली, वारसाची नोंद करायची आहे, बोजा चढवायचा आहे, तर आधी तिथे नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत मिळते, नोंद प्रमाणित होते आणि मगच सातबारा बदलतो. सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक राहतो. एखादे नाव तिथे कसे आले हे पन्नास वर्षांनीही मागे जाऊन शोधता येते. आजच्या कोणत्याही संगणकीय अहवालाकडून हीच अपेक्षा ठेवायला हवी: समोरचा आकडा कोणत्या मूळ नोंदीवरून आला आणि मध्ये कोणी बदलला, हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

हे दप्तर संगणकावर चढवताना हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा यांत तफावती निघाल्या. त्या शोधण्यासाठी गावोगाव चावडीवाचन झाले. उतारे गावकऱ्यांसमोर वाचून दाखवले गेले आणि चुका नोंदवल्या गेल्या. जुनी पद्धत आणि नवी यंत्रणा समोरासमोर ठेवून, ज्यांचे हित गुंतले आहे त्यांच्याकडून ताळा करून घेण्याची ही रीत कोणत्याही कचेरीने उचलावी अशी आहे.

काय सोपवावे, काय नाही

कार्यपद्धती हातात आली की मोजणी सोपी होते. समजा रोजच्या अहवालाला ५० मिनिटे लागतात आणि हंगाम १२० दिवसांचा आहे. हे १०० तास झाले. तो स्वयंचलित करायला ३० तास लागले आणि त्यानंतर रोज तपासायला १० मिनिटे, म्हणजे हंगामभरात २० तास गेले, तरी पहिल्याच हंगामात ५० तास वाचतात. याउलट वर्षातून एकदा निघणाऱ्या आणि सहा तास घेणाऱ्या अहवालासाठी २५ तास खर्चून यंत्रणा उभी केली तर ते तास भरून निघायला चार वर्षांहून अधिक काळ जाईल, आणि तोवर नमुना बदललेला असेल. तिथे चांगली लिहिलेली कार्यपद्धती पुरेशी आहे.

वेळेखेरीज कामाचा स्वभावही पाहावा. बेरीज, वर्गवारी, जुळणी, एका तक्त्यातून दुसऱ्यात उतरवणे ही कामे यंत्राची. उतारा अचानक का घसरला, खोडव्याचा ऊस जास्त आला की तोडणीनंतर ऊस फार काळ वाटेत राहिला, हे सांगणे जाणत्या माणसाचे काम. अहवालातला अर्थ लावण्याचा भाग माणसाकडे राहावा, म्हणूनच उतरवण्याचा भाग यंत्राकडे द्यायचा असतो.

तीन कप्पे

प्रत्यक्ष बांधणीत एक शिस्त सर्वांत महत्त्वाची. मूळ आकडे, त्यांच्यावरची प्रक्रिया आणि दाखवायचा अहवाल हे तीन कप्पे वेगळे ठेवावेत. काट्याच्या संगणकातून आलेली फाइल जशीच्या तशी जपावी, तिच्यात हाताने एकही आकडा खोडू नये. दुरुस्ती करायची असेल तर वेगळ्या तक्त्यात कारणासह नोंदवावी. प्रक्रिया मधल्या कप्प्यात व्हावी. अहवालाच्या कप्प्यात फक्त मांडणी असावी. एकाच शीटवर मूळ आकडे, सूत्रे आणि रंगीत मथळे एकत्र असले की चूक कुठे झाली हे शोधता येत नाही.

साधने महागडी लागत नाहीत. एक्सेलमधल्या पॉवर क्वेरीला एकदा पायऱ्या दाखवून दिल्या की ती फोल्डरमधल्या नव्या फाइली उचलते, नको त्या ओळी काढते आणि तक्ते जोडते. दुसऱ्या दिवशी फक्त ‘रिफ्रेश’ दाबायचे असते. बेरजा पिव्होट टेबल करते. गुगल शीट वापरणाऱ्यांना ॲप्स स्क्रिप्टने ठरल्या वेळी ई-मेल पाठवता येतो. आकडे लाखांच्या घरात गेले की पायथनसारखी भाषा शिकलेला सहकारी उपयोगी पडतो. साधन कोणतेही असो, लिहिलेल्या कार्यपद्धतीतली प्रत्येक पायरी त्यात ओळखता आली पाहिजे. मॅक्रो, म्हणजे शीटमधली छोटी आज्ञावली, लिहिणारा नोकरी सोडून गेला आणि आत काय आहे कोणालाच कळेना, अशी वेळ आली तर आपण माणसाच्या डोक्यातले गुपित फक्त यंत्राच्या पोटात हलवले असे होईल.

नवी यंत्रणा तयार झाली की जुनी लगेच बंद करू नये. काही दिवस दोन्ही चालवाव्यात आणि आकडे शेजारी ठेवावेत. फरक आला तर चूक नव्या यंत्रणेचीच असेल असे गृहीत धरू नये. बरेचदा हाताने काढलेल्या अहवालातली जुनी चूक अशा वेळी उजेडात येते.

यंत्रणा चुकते तेव्हा

२०२० च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकडेवारीतून गळाल्याचे उघड झाले. प्रयोगशाळांकडून येणारे निकाल सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलीत भरले जात होते. त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत, आणि एका रुग्णाला अनेक ओळी लागत होत्या. मर्यादा संपल्यावर पुढचे निकाल फाइलीत आलेच नाहीत. चाचणी केलेल्यांना त्यांचा निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना गाठण्याचे काम साथ वाढत असताना कित्येक दिवस लांबले. काम आपोआप होत होते, पण आत आलेल्या ओळी आणि पुढे गेलेल्या ओळी यांची संख्या जुळते का, एवढा साधा ताळा कोणी लावलेला नव्हता.

दुसरे उदाहरण २०१२ मधले. अमेरिकेच्या जेपी मॉर्गन बँकेला लंडनमधल्या व्यवहारांत सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. बँकेच्याच चौकशी अहवालात आढळले की जोखीम मोजण्याचे नवे प्रारूप एक्सेल शीटच्या साखळीवर चालत होते आणि आकडे एका शीटमधून दुसरीत हाताने कॉपी-पेस्ट केले जात होते. एका सूत्रात सरासरीने भागायचे तिथे बेरजेने भागले गेले होते, त्यामुळे जोखीम होती त्यापेक्षा कमी दिसत राहिली. तोट्याचे मूळ व्यवहारांतच होते, पण धोक्याची सूचना द्यायची ती मोजपट्टीच आखूड निघाली.

ब्रिटनच्या सरकारी सांख्यिकी विभागांत याच काळात वेगळा मार्ग रुजू लागला. आकडेवारी कॉपी-पेस्टने तयार न करता सगळी प्रक्रिया संगणकीय आज्ञावलीत लिहायची, तिच्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची, ती दुसऱ्याकडून तपासून घ्यायची आणि चाचण्या तिच्यातच गुंफायच्या, अशी ही पद्धत. तिथे कार्यपद्धती आणि यंत्रणा हे दोन वेगळे दस्तऐवज राहत नाहीत, लिहिलेली पद्धतच चालू लागते.

थांबायला शिकवलेले यंत्र

जपानमध्ये साकिची टोयोदा यांनी १९२४ मध्ये पूर्ण केलेला जी प्रकारचा स्वयंचलित माग दोरा तुटला की आपोआप थांबत असे. त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे, आणि एकेक मागावर डोळे लावून बसण्याऐवजी एकच कामगार अनेक माग सांभाळू शकत असे. टोयोटा मोटार कंपनीने पुढे हे तत्त्व जिदोका या नावाने आपल्या उत्पादनपद्धतीचा आधारस्तंभ केले. दोष दिसताच यंत्राने थांबावे आणि माणसाला बोलवावे.

अहवालाच्या यंत्रणेला हेच शिकवायचे आहे. आलेल्या ओळी आणि वापरलेल्या ओळी सारख्या आहेत का? आजची तारीख फाइलीत आहे, की कालचीच फाइल पुन्हा आली? एकच पावती क्रमांक दोनदा आहे का? उतारा ठरवलेल्या पल्ल्याबाहेर गेला आहे का? आजची आणि कालपर्यंतची बेरीज मिळून हंगामाची बेरीज होते का? यांपैकी एकही उत्तर चुकले तर अहवाल बाहेर जाऊ नये आणि जबाबदार माणसाला संदेश यावा. उशिरा आलेला अहवाल एका फोनवर निभावतो. चुकीचा आकडा बाहेर पडला तर तो कुठेकुठे पोहोचला हे शोधण्यात आठवडे जातात.

माणसाची जागा

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली होती. यंत्र सोपी कामे घेते आणि अवघड प्रसंग माणसासाठी ठेवते, पण सोप्या कामांचा सराव सुटल्यामुळे त्या प्रसंगी माणूसही कमी पडतो. यावर उपाय आहे. महिन्यातून एकदा तरी अहवाल कार्यपद्धती समोर ठेवून हाताने काढावा आणि यंत्राच्या आकड्याशी ताडावा. नव्या माणसाला आधी हाताने शिकवावे आणि नंतर रिफ्रेशचे बटण दाखवावे.

वरिष्ठांनीही एक भान ठेवायला हवे. डोक्यातले सगळे कागदावर दिले तर आपली गरज उरणार नाही, ही लिपिकाची भीती खरी असते आणि तिला कामातूनच उत्तर द्यावे लागते. कार्यपद्धतीवर लिहिणाऱ्याचे नाव घालावे. वाचलेला वेळ त्याच माणसाला आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी, शेतकऱ्याच्या तक्रारीचा मागोवा घेण्यासाठी, नव्या लोकांना शिकवण्यासाठी द्यावा. वाचलेल्या तासांच्या बदल्यात माणूसच कमी केला, तर त्या कचेरीत पुन्हा कोणी मनापासून काही लिहून देणार नाही.

तुमच्या टेबलावरही असा एखादा अहवाल असेलच. पुढच्या वेळी तो करायला बसाल तेव्हा शेजारी वही ठेवा आणि पहिल्या फाइलीपासून शेवटच्या ई-मेलपर्यंत प्रत्येक पायरी टिपा. मग ती वही शेजारच्या सहकाऱ्याला द्या आणि त्याच्याकडून अहवाल करून घ्या. तो बरोबर निघाला, तरच संगणकाला हात लावा.